हरवलेली मालिका की हरवलेली संध्याकाळ?

दूरचित्रवाणीवरील जुन्या कौटुंबिक मालिकांच्या आठवणींना गेल्या काही वर्षांत मोठा बहर आला आहे. पन्नाशी-साठी गाठलेला प्रेक्षक ‘चिमणराव’, ‘ये जो है जिंदगी’, ‘नुक्कड’ आणि ‘वागळे की दुनिया’ यांची नावे घेतो, त्याच्यानंतरची पिढी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवते, आणि दोघांच्याही बोलण्याचा शेवट एकाच उद्गाराने होतो : तसे आता राहिले नाही. हा उद्गार हसण्यावारी नेणे सोपे आहे. मध्यमवर्गाला भूतकाळ नेहमीच गोड लागतो, असे म्हणून विषय संपविताही येईल. परंतु लक्षावधी माणसे एकाच गोष्टीसाठी हळहळतात तेव्हा त्या हळहळीच्या मुळाशी काहीतरी खरे हरवलेले असते. ते नेमके काय, याचा विचार श्रमिक चळवळीने केला पाहिजे.

आठवणीतील घर

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ १९७७ साली पडद्यावर आला आणि दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोचले. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. ती विनोदी मालिका नव्हती. पण मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेले ते निम्नमध्यमवर्गीय कुटुंब प्रेक्षकांना इतके आपले वाटले की त्यांनी लाखो पत्रे पाठविली. त्याच वर्षी शरद जोशी यांच्या लेखणीतून ‘ये जो है जिंदगी’ आली, १९८६ साली कुंदन शहा आणि सईद मिर्झा यांची ‘नुक्कड’, आणि १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील सामान्य माणसावर आधारलेली ‘वागळे की दुनिया’. खाजगी वाहिन्यांच्या काळात, २००१ साली, केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली व तीन पिढ्यांचे एक मराठी घर तिने प्रेक्षकांपुढे ठेवले.

या सर्व मालिकांत एक समान धागा आहे. त्यांतील प्रसंग अगदी क्षुल्लक असतात. पाहुणा येतो, पैसे हरवतात, मुलीला पाहायला कोणी येणार असते, शेजारी उसने मागतो. अशा क्षुल्लक प्रसंगातून विनोद निर्माण होण्यास एक अट पुरी व्हावी लागते, ती म्हणजे घरातील सगळी माणसे एका वेळी एका खोलीत असावी लागतात. वागळे कारकून आहे, तो साहेबाला भितो, महिनाअखेरीस त्याच्या खिशात पैसे उरत नाहीत. परंतु तो ठरलेल्या वेळी घरी येतो. टिपऱ्यांच्या घरातील आजोबा, मुलगा, सून व नातवंडे रात्री एकत्र असतात. ‘नुक्कड’मधील कष्टकरी आणि बेकार तरुणांना धड घर नाही, तरी दिवस मावळल्यावर कोपऱ्यावर जमण्याइतका अवकाश त्यांनाही आहे. पडद्यावरच्या कुटुंबाला संध्याकाळ होती, ते पाहणाऱ्या कुटुंबालाही होती. चाळीत एखाद्याच खोलीत संच असे आणि शेजारपाजारची मुले दारात दाटीवाटीने बसत. प्रेक्षक आज ज्यासाठी हळहळतो, त्यात त्या कथानकाइतकाच तो एकत्र बसण्याचा तासही आहे.

सुवर्णयुगाची दुसरी बाजू

तथापि या स्मृतीचे भाबडे पूजन करून चालणार नाही. रंगीत दूरचित्रवाणी आणि राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ साली सुरू झाले. त्याच वर्षीच्या १८ जानेवारीस मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला होता. देशभर प्रक्षेपक उभारले जात होते तेव्हा गिरणगावातील घरांत भांडी विकली जात होती आणि पुरुषमंडळी गावाकडे परतत होती. ज्याला आज सुवर्णयुग म्हटले जाते, ते गिरणी कामगारासाठी त्याचे सारे जीवन उद्ध्वस्त होण्याचे युग होते. त्याची कथा त्या पडद्यावर क्वचितच आली.

‘हम लोग’मागील हेतूही तपासण्यासारखा आहे. मालिकेतून समाजशिक्षण करण्याची कल्पना मेक्सिकोतून घेतली गेली, आणि खर्च मात्र तयार शेवया विकणाऱ्या कंपनीच्या पुरस्कारातून भागला. कुटुंबाला एकत्र बसविणे आणि त्या बसलेल्या कुटुंबाला माल विकणे या दोन गोष्टी भारतीय दूरचित्रवाणीवर एकाच वेळी सुरू झाल्या. सरकारी माध्यमाने जाहिरातदारासाठी दार उघडले आणि पुढे तो त्या घराचा मालकच होऊन बसला.

आणखी एक गोष्ट आठवणीतून सोयीस्करपणे गळून जाते. त्या बैठकीच्या खोलीत सगळे हसत असताना स्वयंपाकघरातून चहा घेऊन कोण येत असे? मालिकेतील गृहिणीला संध्याकाळ नव्हती, आणि ती मालिका पाहणाऱ्या गृहिणीचे अर्धे लक्ष चुलीवरच्या दुधाकडे असे. सर्वांचा म्हणून आठवला जाणारा तो तास सर्वांना सारखा कधीच मिळाला नव्हता.

संच बनविणाऱ्यांची संध्याकाळ

मग आज त्या तासाचे काय झाले आहे? ते पाहण्यासाठी या मालिका जिथे बनल्या त्या मुंबईपेक्षा, आजचा नवा औद्योगिक कामगार जिथे राबतो तिथे दृष्टी टाकली पाहिजे. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टै हे गाव आहे. तमिळनाडूच्या सरकारी उद्योग महामंडळाने तिथे औद्योगिक वसाहत उभारली, १९९६ साली ह्युंदाई मोटारींच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि १९९८ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. मराठी कामगारालाही हे नाव परके राहिलेले नाही. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये पुण्याजवळील तळेगावचा कारखाना बंद करून कामगारांना वाऱ्यावर सोडले. तो कारखाना विकत घेण्याचा करार २०२३ साली इरुंगाट्टुकोट्टैच्या याच कंपनीने केला.

या पट्ट्यात कारखाना रात्रंदिवस पाळ्यांत चालतो. वडील पहिल्या पाळीत, मुलगा रात्रपाळीत, आणि मुलगी दुसऱ्याच कंपनीच्या बसची वाट पाहत रस्त्यावर उभी, अशा घरात तिघांनी एकत्र बसून हसण्याची वेळ कोणती? आणि हेही स्वतःचे घर असणाऱ्यांचे झाले. कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांचे मोठे थर भाड्याच्या खोल्यांत राहतात. रात्रपाळीचा माणूस ज्या चटईवरून उठतो, तिच्यावर दिवसपाळीचा माणूस येऊन पडतो. गावाकडचे कुटुंब त्यांना भेटते ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. डिसेंबर २०२१ मध्ये याच भागात फॉक्सकॉन कंपनीच्या महिला कामगारांना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली, तेव्हा हजारो तरुणींनी हा महामार्ग रोखून धरला. त्यांची वसतिगृहे आणि भोजनगृहे आवश्यक दर्जाची नव्हती, हे पुढे ॲपल कंपनीलाही मान्य करावे लागले.

या परिस्थितीत एक कटू विसंगती आहे. २००६ च्या विधानसभा निवडणुकीत तमिळनाडूत रंगीत दूरचित्रवाणी संच मोफत देण्याचे आश्वासन दिले गेले, आणि २०११ पर्यंत दीड कोटीहून अधिक संच वाटले गेले. झोपडीपर्यंत संच पोचला, ही गोष्ट थट्टेची नाही. गरिबाच्या घरी करमणुकीचे साधन आले की ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे कारण नाही. परंतु संच घरात आला त्याच काळात तो पाहण्याचा वेळ घरातून बाहेर गेला. याच महामार्गावर पुढे सुंगुवारछत्रम येथे सॅमसंगच्या कारखान्यात दूरचित्रवाणी संच, शीतकपाटे व धुलाईयंत्रे तयार होतात. म्हणजे ज्या वस्तूंभोवती सुखी कुटुंबाचे जाहिरातीतील चित्र उभे राहते, त्या सर्व वस्तू. तिथल्या हजाराहून अधिक कामगारांना ९ सप्टेंबर २०२४ पासून सदतीस दिवस संप करावा लागला. मागण्या कोणत्या होत्या? संघटनेला मान्यता, वेतनवाढ आणि कामाच्या तासांत सुधारणा. सिटूप्रणीत त्या संघटनेची नोंदणी होण्यास जानेवारी २०२५ उजाडला. जगाला संध्याकाळचे साधन पुरविणाऱ्यांना स्वतःच्या संध्याकाळीसाठी रस्त्यावर बसावे लागले, यातच सर्व काही आले.

बारा तासांचा दिवस

हा केवळ एका पट्ट्याचा प्रश्न नाही. मार्च २०२० मध्ये देश टाळेबंद झाला तेव्हा दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखविल्या, आणि घरात बसू शकणाऱ्या कुटुंबांनी त्या एकत्र पाहिल्या. त्याच आठवड्यांत स्थलांतरित कामगार पायी गावाकडे चालले होते, आणि त्याच हंगामात अनेक राज्य सरकारांनी कामाचा दिवस बारा तासांचा करण्याच्या अधिसूचना काढल्या. गुजरातची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. पण विचार मेला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने बारा तासांचा कायदा केला. २१ एप्रिल २०२३ रोजी तमिळनाडू विधानसभेने तसेच विधेयक संमत केले. कामगार संघटना उभ्या ठाकल्या, सरकारच्या मित्रपक्षांनीही विरोध केला आणि १ मे रोजी मुख्यमंत्र्यांना विधेयक मागे घेतल्याचे जाहीर करावे लागले. सिंगारवेलर यांनी मद्रासच्या समुद्रकिनारी भारतातील पहिला मे दिन साजरा केला तो १ मे १९२३ रोजी. बरोबर शंभर वर्षांनी त्याच शहरात आठ तासांचा हक्क पुन्हा एकदा राखावा लागला.

महाराष्ट्रात चित्र उलटे आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तास आणि दुकाने-आस्थापनांत नऊवरून दहा तास करण्यास मान्यता दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम असल्याने कामगाराचे काही बिघडणार नाही, उलट त्याला जादा सुट्टी मिळेल, असा युक्तिवाद त्यावर केला जातो. हा हिशेब यंत्राचा आहे, माणसाचा नाही. बारा तास काम आणि दोन-तीन तास प्रवास केलेल्या माणसाच्या त्या दिवशी झोपेखेरीज काही उरत नाही. मूल शाळेतून आलेले असते ते मंगळवारी, त्याला जे सांगायचे असते ते मंगळवारीच. शनिवारी दिलेली सुट्टी ती मंगळवारची संध्याकाळ परत देत नाही.

ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली, त्या राज्यात हे घडत आहे. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही मागणी करणाऱ्यांना तिसरा भाग चैन वाटत नव्हता. माणूस वाचतो, गातो, सभेला जातो, मुलांशी बोलतो, विनोदाला हसतो, तो याच तिसऱ्या भागात. संघटनाही याच आठ तासांत उभी राहते. भांडवलदाराचा डोळा त्या भागावर आहे तो उगाच नव्हे.

स्मृतीचा खरा अर्थ

आठवणीचाही बाजार झाला आहे. जुन्या मालिकांचे तुकडे जाहिरातींच्या मधे पेरून विकले जातात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात ‘वेव्हज्’ ही नवी सेवा सुरू करून दूरदर्शनचा जुना ठेवा तिच्यावर ठेवला. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेला ठेवा सार्वजनिक हाती राहतो, ही चांगली गोष्ट आहे. पण ठेवा उपलब्ध झाला म्हणून तो तास उपलब्ध होत नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या दिशेने जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रात्रपाळीचा कामगार कानात बोंडे घालून दहा मिनिटे एखादी जुनी मालिका पाहतो आणि डुलकी घेतो. तिथे मालिका आहे, प्रेक्षकही आहे. नाही ते घर आणि ती वेळ.

म्हणून जुन्या मालिकांसाठी हळहळणाऱ्या प्रेक्षकाची टर उडवू नये, आणि त्याच्या उसाशात उसासाही मिसळू नये. त्याची तक्रार न्याय्य आहे, फक्त तिचा पत्ता चुकलेला आहे. तो वाहिन्यांच्या रुचीला दोष देतो, नव्या पिढीच्या वागण्याला दोष देतो. दोष आहे तो कामाच्या दिवसाची सीमा रोज थोडी थोडी पुढे सरकविणाऱ्या व्यवस्थेचा. तो स्वतः निवृत्त असेल, परंतु त्याचा मुलगा माहिती तंत्रज्ञानाच्या कचेरीतून रात्री दहाला परततो आणि त्याच्या शेजारचा तरुण चाकणला बारा तास उभा राहतो. या तिघांचे दुखणे एकच आहे, हे त्याला समजावून सांगणे शक्य आहे, कारण ते त्याला घरात दिसतेच आहे.

बारा तासांच्या दिवसाविरुद्धची सभा कारखान्याच्या दारापुरती मर्यादित राहता कामा नये. चाळींत, गृहनिर्माण संस्थांत, वाचनालयांत, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यांवर हा विषय गेला पाहिजे. वागळे आणि टिपरे यांच्यावर ज्यांनी प्रेम केले, त्यांना आठ तासांच्या दिवसाचा अर्थ सांगायला फार शब्द लागणार नाहीत. वागळे सहाला कचेरीतून सुटत असे. तेवढ्यावरूनच सुरुवात करता येईल.