अंधारही जपायला हवा
जपानचे हौशी खगोलनिरीक्षक कोइची इतागाकी यांना १९ मे २०२३ रोजी 'एम १०१' दीर्घिकेत नवा तेजस्वी ठिपका दिसला. सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवरचा तो सुपरनोव्हा, म्हणजे महाकाय ताऱ्याचा अखेरचा स्फोट होता. ताऱ्याने आधी बाहेर टाकलेल्या वायूच्या खुणा काही दिवसांतच पुसल्या जातात. त्यामुळे दुर्बिणी तातडीने वळवाव्या लागतात. एका देशात उजाडले, की दुसऱ्याने पाळी घ्यायची. लडाखमधील हानले येथे आयआयटी मुंबई व भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ७० सेंटिमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण हेच काम करते. मात्र दिव्यांच्या झगमगाटात असे मंद ठिपके हरवतात. हानलेचे काळोखे आकाश २०२२ मध्ये संरक्षित घोषित झाले. पर्यटन वाढवताना तो काळोख टिकवणे, ही प्रशासनाइतकीच पर्यटकांचीही जबाबदारी आहे.