उत्तरे पाठ, प्रश्न गहाळ

दहावी-बारावीचे निकाल लागले की मंडळाच्या कार्यालयात गुणपत्रिकांच्या झेरॉक्स येऊ लागतात. कोणाला नव्वद टक्के, कोणाला पंच्याण्णव. त्यावरून गुणगौरव समारंभाची यादी ठरते. या मुलांनी कष्ट केलेले असतात, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण या निमित्ताने एक प्रश्न समस्त समाजबांधवांपुढे ठेवावासा वाटतो. घरातला बंद पडलेला रेडिओ उघडून बसणारा, वर्गात सरांना "हे असंच का?" असे विचारणारा आणि गुणांत मात्र साठ-पासष्टवर थांबणारा मुलगा आपल्या यादीत कुठे बसतो?

मुलांची सृजनशीलता हा शब्द हल्ली प्रत्येक शाळेच्या माहितीपुस्तिकेत असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घोकंपट्टीऐवजी समजून शिकण्यावर आणि चिकित्सक विचारावर भर दिला आहे. शब्द चांगलेच आहेत. परंतु हे सारे आपल्याच मध्य प्रदेशात, तेही साध्या सरकारी शाळांमध्ये, अर्ध्या शतकापूर्वी सुरू झाले होते, याची आठवण आपल्यापैकी किती जणांना आहे?

होशंगाबाद जिल्ह्यात (आजचे नर्मदापुरम) १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसून धडे तयार करू लागले. १९७८ मध्ये कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला. १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था स्थापन झाली आणि तिच्यामार्फत तो आपल्या माळव्यातही, देवास-उज्जैनकडे पोहोचला.

त्या वर्गात होत काय असे? सहावी ते आठवीची मुले चौघाचौघांच्या टोळीत बसत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, पण तयार उत्तरे नव्हती. उत्तर स्वतः करून, पाहून, मोजून काढायचे आणि वहीत आपल्या शब्दांत लिहायचे. फुलाचे भाग सुटे करायला सुई नसेल तर बाभळीचा काटा चाले. एकच बाक चार टोळ्यांनी मोजले आणि चार मापे आली, तर खरे कोणते आणि फरक का पडला यावर चर्चा. मुलांच्या मनात येणारे प्रश्न 'सवालीराम' या कल्पित पात्राला पत्राने पाठवायची सोय होती आणि त्यांना उत्तरेही जात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट परीक्षेची. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती. प्रश्नच असे असत की पुस्तकात पाहून उत्तर सापडणार नाही, डोके चालवावे लागेल. शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा असे. म्हणजे शिकवणे बदलले, त्याबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण बदलले आणि परीक्षाही बदलली. यातले एक जरी जुने ठेवले असते तर बाकीचे टिकले नसते.

याच कार्यक्रमात १९७८ साली अरविंद गुप्ता नावाचे एक तरुण इंजिनिअर सामील झाले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून भूमितीच्या आकृती आणि रेणूंच्या रचना करण्याची त्यांची युक्ती तिथलीच. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात ज्याचे कौतुक झाले त्याचे मूळ आपल्या नर्मदाकाठी आहे!

असा हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. तोवर तो पंधराएक जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत चालू होता. या पद्धतीने शिकलेली मुले पुढे बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात, असा एक आक्षेप होता. यातली मेख लक्षात घ्या. आठवीपर्यंत मुलाला प्रश्न विचारायला शिकवायचे आणि नववीत गेल्यावर त्याच्याकडून पाठ केलेले उत्तर मागायचे. मग दोष आठवीच्या शिक्षणाचा की नववीनंतरच्या परीक्षेचा? शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी विरोध केला. शहरातला सुशिक्षित मध्यमवर्ग मात्र स्वस्थ राहिला, कारण त्याची मुले त्या शाळांत नव्हती.

आज त्याचा हिशेब आपल्याच दारात आला आहे. भंवरकुआँच्या कोचिंग क्लासेसच्या पाट्या वाचत आपली मुले वाढतात. "आम्हाला नीट-जेईई काढायची आहे, प्रयोग कसले करत बसता?" असे पालक म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. पाठांतरही शत्रू नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी-निमकी पाठ होती आणि बाजारात ती उपयोगी पडे. पण पाढा पाठ असणे वेगळे आणि तो कुठे लावायचा हे सुचणे वेगळे. दुसरी गोष्ट क्लासमध्ये विकत मिळत नाही, ती सवयीने येते.

ही सवय लावायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. ठिबकणाऱ्या नळाखाली एक बाटली लावायला सांगा. तासाला लिटरभर पाणी साठले तर दिवसाला चोवीस आणि वर्षाला आठ हजार सातशे साठ लिटर. एवढा गुणाकार झाला की पुढचे प्रश्न मुलेच विचारतील. हे पाणी येते कुठून? १९७८ पासून आपण जलूदहून आणलेले नर्मदेचे पाणी पितो. नदी खाली निमाडात, आपण वर पठारावर, मग पाणी चढते कसे? त्या पंपांचे वीजबिल कोण भरते? एका नळातून गणित, विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र निघाले. शिक्षकाने फक्त उत्तर सांगण्याची घाई करू नये, आणि जे येत नसेल तिथे "चला, शोधून काढू" असे म्हणावे.

आणखी एक मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा. आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजीत उत्तरे देतात, पण शंका बहुतेक वेळा घरच्या भाषेतच सुचते. आजीला विचारलेल्या "का गं?" मध्ये जी धिटाई असते ती वर्गात दिसत नाही. मराठी टिकवायची म्हणून आपण श्लोक आणि नाट्यगीते शिकवतो, तसेच मराठीत शंका विचारायला आणि वाद घालायलाही शिकवू या. ज्या भाषेत विचार होतो ती भाषा आपोआप टिकते.

यासाठी मंडळाने तीन गोष्टी कराव्यात असे सुचवतो. पहिली, या वर्षीपासून गुणगौरवात टक्केवारीखेरीज एक पारितोषिक स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर स्वतः शोधणाऱ्या मुलासाठी असावे. निवड तक्ते आणि मॉडेल पाहून करू नये, कारण ती बहुधा आई-बाबांनी केलेली असतात. मुलाशी दहा मिनिटे बोलावे. दुसरी, महिन्यातून दोन रविवारी मंडळाचे सभागृह मुलांना द्यावे. कॅटमधून, जीएसआयटीएसमधून, होळकर कॉलेजातून निवृत्त झालेली किती तरी मंडळी आपल्यात आहेत. त्यांनी जुन्या सामानाच्या पेट्या घेऊन बसावे आणि मुलांना जोडू-मोडू द्यावे.

तिसरी गोष्ट राजकीय आहे आणि ती टाळून चालणार नाही. आपल्या राज्यात पाचवी-आठवीच्या परीक्षा आता पुन्हा बोर्ड पद्धतीने होऊ लागल्या आहेत. परीक्षा असू दे, पण तिच्यात पाठ केलेले किती आणि विचार करून लिहायचे किती, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आहे. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला आपण सभागृह, रस्ता, नळ मागतो. या वेळी हेही मागा : सरकारी शाळांत विज्ञानाचे शिक्षक, प्रयोगाचे साहित्य आणि विचार करायला लावणारी प्रश्नपत्रिका. आपली मुले त्या शाळांत नसली तरी मागा. २००२ मध्ये आपण परक्याची गोष्ट समजून गप्प राहिलो, तर काय झाले ते समोर आहे.

मंडळाच्या पुढील सर्वसाधारण सभेत पहिल्या दोन सूचना ठराव म्हणून मांडल्या जातील. सभासदांनी अनुकूल-प्रतिकूल मते जरूर कळवावीत. आणि सभेला येताना मुलांनाही घेऊन या. त्यांच्याबद्दलच्या ठरावावर त्यांना काही विचारायचे असेल, तर ते आधी ऐकू.

— संपादक