कालनिर्णयातला माझा चौकोन

सांगलीला आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असे. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, आम्हा भावंडांच्या परीक्षा, सगळं आई त्यातल्या चौकोनांत पेन्सिलीनं लिहायची. तिच्या स्वतःच्या कामाची नोंद त्यात कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला संसार थाटल्यावर माझ्या भिंतीवरही तेच होत गेलं. मुलाच्या शाळेचा मिनिमम डे, म्हणजे शाळा लवकर सुटण्याचा दिवस, नवऱ्याच्या रात्रीच्या मीटिंगा, दाताच्या डॉक्टरची वेळ.

पतसंस्थेत आठ वर्षं कर्जखातं सांभाळलेली मी इथे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आले आणि कामाची परवानगी नसल्यानं घरी बसले. आमच्यासारख्या काही जोडीदारांना २०१५ पासून कामाची परवानगी मिळू लागली. माझा नंबर बऱ्याच उशिरा लागला. तोवर वयाची चाळिशी उलटली होती. मी ‘एनरोल्ड एजंट’ व्हायचं ठरवलं. अमेरिकी आयकर खात्यापुढे करदात्याची बाजू मांडण्याचा हा परवाना. त्यासाठी तीन पेपर, प्रत्येकी १०० प्रश्न, वेळ साडेतीन तास.

सुरुवातीला फोनवर अभ्यासाची तीन अ‍ॅप घेतली. विषयांना रंग दिले, वेळापत्रकं आखली, रोज किती टक्के झालं ते पाहत राहिले आणि व्यवसायकराच्या पेपरात नापास झाले. आखणीत गेलेले तास मी अभ्यासात धरत होते, हे निकाल हातात आल्यावर कळलं. त्या रात्री मी रडले. दुसऱ्या दिवशी दुकानातून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणला, बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले आणि फोन आतल्या खोलीत ठेवून दिला.

खोक्याची ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ च्या आपल्या जर्मन पुस्तकातून लोकांपुढे आणली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे दिवसाआड, आठवड्याने, असं अंतर वाढवत जायचं. माझं एक कार्ड भाड्यानं दिलेल्या इमारतींच्या घसाऱ्याचं होतं. राहण्यासाठीचं घर असेल तर साडेसत्तावीस वर्षं, दुकान किंवा ऑफिस असेल तर ३९. दोन्ही आकडे तोंडपाठ, पण कुठला कशाचा ते दर वेळी उलटं व्हायचं. अकरा वेळा ते कार्ड पहिल्या कप्प्यात परत आलं. त्याचे कोपरे मऊ पडले, एकावर हळदीचा डाग आहे. आपल्याला नेमकं काय येत नाही, हे असं बोटांना कळावं लागतं. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून, विसरून, पुन्हा पाठ करून विसरण्याचा वेग मोजला, ते काम १८८५ साली प्रसिद्ध झालं. मला त्यातून मोठा धीर मिळाला. विसरणं हा माझ्या वयाचा दोष नव्हता. ते होणारच, हे धरून उजळणीच्या तारखा लावायच्या होत्या.

दुसरं साधन घड्याळाचं. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर २५ मिनिटांच्या अभ्यासाची शिस्त बसवली. माझा टायमर साधा पांढरा आहे. तो घरातल्या प्रत्येकाला ऐकू येतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्या आठवड्यात त्या विचारायच्या, ‘‘अगं, डाळ लावू का?’’ मग एके दुपारी मुलगा माझ्याकडे धावत आला, तेव्हा त्यांनीच त्याला दारात अडवलं. ‘‘थांब जरा, आईची पंचवीस मिनिटं चालू आहेत.’’ माझ्या वेळेला घरात नाव मिळालं ते त्या दिवशी.

वेळेचं नियोजन करा, असं बायकांना फार सांगितलं जातं. घर चालवणाऱ्या बाईला नियोजन शिकवायची गरज नाही. चार माणसांच्या तारखा ती डोक्यात घेऊन फिरते. तिची स्वतःची तारीख मात्र तिच्या मनातच राहते, आणि मनातली तारीख पुढे ढकलायला कुणालाच जड जात नाही. म्हणून ही साधनं दिसणारी, ऐकू येणारी, घरात मध्यभागी ठेवलेली हवीत, असं माझं ठाम मत आहे. टॉरे अव्हेन्यूवरच्या वाचनालयात मी शनिवारी खोकं घेऊन बसते. आजूबाजूला लॅपटॉप उघडलेली मुलं असतात. आयफोनची रचना जिथे होते त्या या गावात माझ्या खोक्याकडे कुणी वळूनही पाहत नाही, आणि मलाही कार्डांपुढे दुसरं काही दिसत नाही.

व्यवसायकराचा पेपर दुसऱ्या खेपेला सुटला. घसाऱ्याचं कार्ड आता पाचव्या कप्प्यात आहे. शेवटच्या पेपरची तारीख कालनिर्णयात मुलाच्या मिनिमम डेच्या शेजारच्याच चौकोनात आहे, पेनानं लिहिलेली.