पहिली कयाक घेण्याआधी एकदा उलटून पाहा

नागपूर ते मालवण रस्त्याने हजारेक किलोमीटर. तरीही समुद्राची ओढ नागपूरच्या जरीपटका या वस्तीत असतेच. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी झूलेलाल या जलदेवतेची पूजा इथे आजही जपली आहे. सुट्टीत तारकर्ली किंवा गोव्याची सहल होते, खाडीत थोडा वेळ वल्हं हातात येतं आणि परतीच्या प्रवासातच मोबाइलवर कयाकच्या किमती पाहणं सुरू होतं. ही घाई नवशिक्याने टाळलेली बरी.

कारण मोबाइलवर सर्वात आधी दिसते ती हवा भरायची स्वस्त कयाक. तलावाच्या काठाकाठाने फिरायला ती ठीक आहे, पण समुद्रात नाही. ती हलकी असते, पाण्यावर उंच तरंगते, त्यामुळे वारा तिला सहज ढकलत नेतो. जमिनीकडून वारा सुटला, की दमलेल्या नवशिक्याला किनारा गाठणं कठीण होऊन बसतं.

खरी सागरी कयाक वेगळीच असते. लांबी साधारण 14 ते 18 फूट, रुंदी जेमतेम 20 ते 24 इंच. ती सरळ आणि वेगाने जाते, पण पहिल्यांदा बसणाऱ्याला डळमळीत वाटते. लांबी-रंगापेक्षा तिच्यात पाहायचं ते पुढचे-मागचे बंदिस्त कप्पे. मधल्या बैठकीत पाणी शिरलं तरी या कप्प्यांतल्या हवेमुळे होडी तरंगत राहते. झाकणं घट्ट बसतात का, कडेने पकडायला दोर आहे का, हेही तपासावं. मग आत बसावं. पाय पुढच्या टेकूला टेकले पाहिजेत, गुडघे किंचित वाकून मांड्या वरच्या कडेला लागल्या पाहिजेत, कंबर सैल हलता कामा नये. तरीही उलटल्यावर क्षणात बाहेर पडता आलं पाहिजे. फोटो पाहून यातलं काहीच कळत नाही.

नवशिक्याला त्याहून सोपी म्हणजे वर बसायची, रुंद ‘सिट-ऑन-टॉप’. आत अडकायची भीती नाही, आलेलं पाणी भोकांतून निघून जातं आणि पडलं तर पुन्हा चढता येतं. शिकायला हीच घ्यावी, तीही भाड्याने.

नागपूरकराच्या दोन अडचणी कोकणातल्या माणसाला नसतात. पहिली जागेची: सोळा फुटांची कयाक फ्लॅटच्या जिन्यातून वर न्यायची कशी? दुसरी उन्हाची. पारा 45 अंशांकडे सरकला, की गच्चीवर ठेवलेली प्लास्टिकची कयाक वाकते, आणि गच्च हवा भरून उन्हात टाकलेली फुगून शिवणीत फुटू शकते. म्हणून जरीपटक्यातल्या माणसाने पुढे कधी सागरी कयाक घेतलीच, तर सांगाडा आणि कापडाची, घडी होणारी घ्यावी. ती पिशव्यांत भरून रेल्वेने नेता येते. ऑस्कर स्पेक हा जर्मन माणूस 1932 मध्ये अशाच घडीच्या कयाकमधून निघाला, भारताच्या किनाऱ्यानेही गेला आणि 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाला पोहोचला. तेव्हा घडीची होडी म्हणजे खेळणं, हा समज सोडून द्यावा.

मात्र कुठल्याही होडीआधी लाइफ जॅकेट घ्यावं, अंगाला घट्ट बसणारं, आणि तलावातही घालावं. जुलै 2017 मध्ये अमरावती मार्गावरच्या वेणा जलाशयात नाव उलटून नागपूरचे तरुण बुडाले. नावेतून फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू होतं. धरणाचं पाणी शांत दिसतं म्हणून ते सुरक्षित नसतं, हे या शहराने पाहिलं आहे.

सरावाला रामटेकजवळचा खिंडसी तलाव आहे. तिथे परवानगी विचारून, सकाळी वारा पडलेला असताना वल्हं मारायला शिकता येतं. भरती-ओहोटी मात्र तिथे कळणार नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या मुखाशी पाणी किती जोरात ओढतं हेही नाही. त्यासाठी पावसाळा सरल्यावर तारकर्ली-देवबागला जावं. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते आणि आतली खाडी शिकायला चांगली आहे. जाणत्या प्रशिक्षकाला सोबत घ्या, मुद्दाम कयाक उलटवा, पाण्यातून पुन्हा वर चढा. मदतीशिवाय चढता येऊ लागलं, की मगच कयाकसाठी पैसे बाहेर काढा.