चढाईला कोण जाणार?

जून लागला की आमच्या बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात दोन गोष्टी एकदम थांबतात. पहिली समुद्रावरची मासेमारी. सरकारी बंदी सुरू होते आणि सातपाटी, मुरबे, दांडी, उच्छेळीच्या नावा किनाऱ्यावर ओढल्या जातात. दुसरी मातीवरची कबड्डी. दिवाळीनंतर सुरू झालेले गावोगावचे रात्रीचे सामने मेअखेर आटोपतात, मंडपवाला हॅलोजनचे दिवे सोडवून नेतो आणि पहिल्या पावसात मैदानावरच्या चुन्याच्या रेषा वाहून जातात. नाववाले या दिवसांत फाटलेली जाळी सांधतात, फळ्यांच्या फटी बुजवतात. कबड्डीवाले मात्र सभा घेतात.

आमच्या मंडळाची अशीच सभा परवा शाळेच्या पडवीत झाली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत विषय एकच होता : पुढच्या हंगामासाठी चढाईपटू आणायचा कोठून? गेला हंगाम आम्हाला फार वाईट गेला. बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गाशा गुंडाळावा लागला. आमची पकड चांगली आहे. डाव्या कोपऱ्यातल्या पोराच्या हाती घोटा लागला की भलेभले आडवे होतात. पण चढाईला माणूस नाही. एक आहे, तो चांगला आहे, पण तो एकच आहे. तेव्हा वर्गणीत शिल्लक असलेला पैसा घालून मुंबईकडचा एखादा नावाजलेला चढाईपटू स्पर्धेमागे ठरलेल्या बिदागीवर आणावा, असा ठराव आला. त्याला पहिला पाठिंबा देणारा हात माझा होता. अंतिम निर्णय १५ जुलैला व्हायचा आहे. मधल्या दिवसांत माझे मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्यांनी कबड्डी फक्त दूरचित्रवाणीवर पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. सामना ४० मिनिटांचा. एका चढाईला फार तर ३० सेकंद. म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून ८० च्या आसपास चढाया होतात, एका संघाच्या वाट्याला ४०. त्या चाळिसांपैकी २०-२२ एकट्यानेच करायच्या म्हटल्या, तर पाणी प्यायलाही उसंत नाही. पण खरी अडचण दमाची नाही. चढाई करताना तो पकडला गेला की बाहेर बसतो, आणि आपल्या संघाने समोरचा गडी मारल्याखेरीज तो आत येऊ शकत नाही. बोनस गुण कितीही मिळवा, त्याने बसलेला गडी उठत नाही. आता विचार करा, तो बाहेर असताना गडी मारायचा कोणी? पकड करणाऱ्यांनी करावी म्हणाल, तर समोरचा संघ तेव्हा घाई कशाला करील? तो रिकाम्या चढाया करून परत जातो. मग तिसरी चढाई येते, जिच्यात गुण मिळाला नाही तर जाणारा बाद. तिच्यावर कोपऱ्यातल्या पोराला पाठवावे लागते. ज्याचे आयुष्य घोटे धरण्यात गेले, तो मध्यरेषा ओलांडून काय करणार? तो निदान रेषेपर्यंत जाऊन येतो आणि बाद होतो. असे दोन-तीन झाले की लोण बसतो.

माझ्याकडे गेल्या हंगामाची वही आहे. सभेनंतर ती काढून बसलो. आमचे पराभव जवळजवळ सगळे एकाच जातीचे निघाले. आमचा पहिला चढाईपटू मैदानात होता तोवर सामना बरोबरीत किंवा आमच्याकडे. तो बाहेर बसला की पाच मिनिटांत निकाल. म्हणजे आमच्याकडे उणीव आहे ती दुसऱ्या चढाईपटूची. पहिला बसल्यावर जाऊन एक गडी मारून त्याला आत आणणाऱ्याची. त्याला टाळ्या कमीच पडतात. नावाजलेला माणूस या कामासाठी येत नाही. तो पहिला म्हणून येतो, आणि तो पकडला गेला की आपण पुन्हा तेथेच.

हे आमच्या गल्लीतले गणित म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या मैदानावरही ते तसेच सुटते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि प्रो कबड्डी त्याच्या सहा दिवस आधी, २६ जुलैला, मुंबईत सुरू झाली. आमच्या पोरांची कबड्डी आणि आमचा जिल्हा असे एकाच आठवड्यातले. तेव्हापासून लिलावात कोट्यवधी रुपये चढाईपटूंवर पडताना आपण पाहत आलो. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्यांदा खेळला आणि त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण घेतले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. पोराने पैसे फुकट घेतले नाहीत; त्या हंगामातही त्याने दोनशेचा आकडा ओलांडला. आणि टायटन्स? बारा संघांत अकरावे.

पुढे २०२३ मध्ये याच संघाने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांवर रक्कम मोजली. तोवरच्या सर्व लिलावांतली ती सर्वांत मोठी बोली. पवननेही दोनशेहून अधिक गुण मिळवून दिले, आणि संघाने २२ सामन्यांपैकी दोन जिंकून तळ गाठला. उलट त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट पाहा. पवन तमिळ थलैवाजकडे होता, २ कोटी २६ लाखांना. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. सगळ्यांनी थलैवाजचा निकाल लावून टाकला. पण पवनच्या जागी नरेंदर नावाचा पहिलाच हंगाम खेळणारा पोरगा उभा राहिला. त्यानेही दोनशे ओलांडले आणि थलैवाज त्यांच्या इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीला पोचले.

तिसरे उदाहरण घरचे आहे. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. त्या हंगामात पुण्याच्या एकाही चढाईपटूने दोनशे गुण केले नव्हते. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते असे चौघे होते. एक बसला की दुसरा उठून जाई. पुण्याने त्या वर्षी मोठी रक्कम मोजली ती इराणच्या शादलूईसाठी, आणि त्याचे मोठेपण पकडीत. बाकीची पोरे त्यांनी लहान वयात हाताशी धरून वाढवलेली होती. पैसा खर्चूच नये, असे यावरून कोणी म्हणणार नाही. पण चढाईपटूंची रांग लिलावात मिळत नाही, ती लावावी लागते, एवढे तरी दिसतेच.

आता आमच्याकडे ती रांग का लागत नाही? मुलांत दम नाही म्हणावे, तर सकाळी खाडीत जाळे ओढणारी आणि डोंगरातून रानवाटेने शाळेला आलेली ही पोरे. चढाईपटूला जी खालच्या अंगातली ताकद लागते, जो चटकन वळणारा कणा लागतो, तो त्यांच्याकडे जन्मजात आहे. नसतो तो वेळ. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात, आणि आमचा हंगामही दिवाळीनंतरच सुरू होतो. ज्या महिन्यांत मैदानावर पोरगा हवा, त्याच महिन्यांत तो आईबापांबरोबर विटा थापत असतो. आणि जो बोईसरात आहे तो कारखान्यात आहे.

असाच एक मुलगा आमच्याकडे आहे. एकोणीस वर्षांचा. उजव्या बाजूने आत जातो, कोपरा फसवतो आणि पायाने स्पर्श करून सापासारखा परत येतो. मी चाळीस वर्षे हा खेळ पाहतो आहे. असा पाय मी फार थोड्यांना पाहिला. पण हंगामात तो निम्म्याहून अधिक सामन्यांना आलाच नाही. ठेकेदाराकडे कामाला आहे, बारा-बारा तासांची पाळी. ज्या दिवशी आला त्या दिवशी रातपाळी करून आला होता. दुसऱ्या चढाईतच त्याचे पाय जड झाले. मी भर मैदानात त्याच्यावर खेकसलो, "येत नसेल तर नाव तरी कशाला देतोस रे?" तो काही बोलला नाही. परत जाताना एवढेच म्हणाला, "काका, आजचा खाडा झाला तर उद्या घेत नाहीत हो." वहीत त्या दिवशी त्याच्या नावापुढे मी शून्य लिहिले आहे. ते शून्य त्याच्या नावावर का लिहिले, असे आता वाटते.

जुन्या लोकांना आठवत असेल, मुंबईची कबड्डी लालबाग-परळच्या गिरणगावात वाढली. गिरणीच्या पाळ्या काही सोप्या नव्हत्या. पण चाळीतल्या मंडळात चमकलेल्या पोराला पुढे वाट होती. रेल्वे, बंदर, बँका, तेल कंपन्या यांचे संघ होते. खेळाडू म्हणून नोकरी मिळे, सरावाला सवलत मिळे. घरचे लोक म्हणत, खेळ बाबा, त्यातून काही होईल. जानेवारी २०१८ मध्ये सेनादलाला ३४-२९ असे हरवून महाराष्ट्राला अकरा वर्षांनी पुरुषांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारा कर्णधार रिशांक देवाडिगा हाही भारत पेट्रोलियमचा खेळाडू. चढाईपटूच्या पायामागे असा महिन्याचा पगार उभा असतो.

तारापूरला कारखान्यांची काय वाण आहे? रसायने, औषधे, कापड, पोलाद, सगळे आहे. १९६९ पासून देशातली पहिली अणुवीजही येथलीच. स्पर्धेच्या फलकावर नाव लावायला, चषक द्यायला कारखानदार नाही म्हणत नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारीच आहे. पण चषक एका रात्रीचा. त्याऐवजी आपल्या आवारात ठेक्यावर राबणाऱ्या एखाद्या खेळाडूला हंगामाचे सहा महिने पहिली पाळी द्या आणि सामन्याच्या दिवशी त्याचा रोज कापू नका, एवढे केले तरी पुष्कळ. हे मागायला अर्ज घेऊन आम्हीच गेलो पाहिजे. आजवर आम्ही गेलो ते फक्त वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन.

तेव्हा माझे म्हणणे असे. बिदागीचा पैसा तीन ठिकाणी घालावा. पावसाळ्यात सरावासाठी एखाद्या शाळेचे सभागृह भाड्याने घ्यावे. चढाईला पाठवता येतील अशी चार पोरे निवडून त्यांच्या बुडणाऱ्या रोजाची भरपाई मंडळाने करावी. त्यांतला एक तरी विटांवर जाणाऱ्या घरातला असावा. आणि उरलेल्या पैशातून सरावानंतर अंडी, केळी, दूध द्यावे. रातपाळीहून आलेला मुलगा उपाशी पोटी चढाई करतो, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आणि कौतुकाने त्याला काटकपणा म्हणत आलो.

सभेत यावर काय बोलले जाईल ते मला ठाऊक आहे. नावाजलेला गडी नसला तर गर्दी जमत नाही, गर्दी नसली तर देणगीदार फिरकत नाही. खरे आहे. दुसरा आक्षेप याहून वजनदार : ही चार पोरे तयार होईपर्यंत आणखी एक हंगाम हरण्यात जाईल. तेही खरे आहे. जाईल. आणि तयार झाल्यावर त्यांतला एखादा मोठ्या संघाकडे निघून जाईल, हा तिसरा आक्षेप. त्यावर माझे उत्तर इतकेच, की गेला तर जाऊ द्यावा. रांगेतला दुसरा पुढे सरकेल.

१५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून पाळतात. कबड्डीसाठी सारा जन्म वेचलेल्या त्या माणसाच्या तसबिरीला हार घालून आमची सभा सुरू होईल. तीत मी माझा पाठिंबा मागे घेणार आहे. ठराव कदाचित तरीही मंजूर होईल. हात मोजले तर आज तरी बाजू माझी नाही.

काल तो मुलगा स्टेशनजवळ भेटला. कामावर निघाला होता, हातात डबा. त्याच्या कानावर काहीतरी गेले असावे. म्हणाला, "काका, दिवसपाळी मागून घेऊ का? रातपाळीचे जास्तीचे पैसे जातील, पण मंडळाचं नक्की असेल तर मागतो." मी त्याला पंधरा तारखेपर्यंत थांब म्हणालो. तो मान हलवून शेअर रिक्षात बसला, आणि मी घरी येऊन हे लिहायला घेतले.