काळ्या कपड्यातली ज्युलिएत

माझ्या मुलीनं अकरावीला फ्रेंच घेतलं ते निव्वळ मार्कांसाठी. ‘स्कोअरिंग’ विषय ना! पण त्या निमित्तानं घरात फ्रेंच गाणी वाजू लागली. एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि तिच्या मोबाईलमधून एक आवाज आला. जाडसर, संथ, समोर बसून गोष्ट सांगावी तसा. शब्द एकही कळला नाही, पण माझा हात थांबला. ‘‘कोण गं ही?’’ विचारलं तर म्हणाली, ‘‘ज्युलिएत ग्रेको. आई, ही कायम काळे कपडेच घालायची.’’

मग मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेले, मुलीकडून समजून घेत गेले. त्या काळ्या कपड्यांमागची हकीकत कळली आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. आज तीच तुम्हाला सांगते.

ज्युलिएतचा जन्म 7 फेब्रुवारी 1927 चा, दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए गावचा. वडील कधी जवळ नव्हतेच. ती आणि थोरली बहीण शार्लोत आजी-आजोबांकडे वाढल्या. आईचं प्रेम काही तिच्या वाट्याला फारसं आलं नाही. पण आई होती मोठी धाडसी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापला तेव्हा ती भूमिगत चळवळीत उतरली. 1943 साली ती पकडली गेली आणि पाठोपाठ पॅरिसमध्ये या दोघी बहिणीही. आई आणि शार्लोत यांची रवानगी पुढे जर्मनीतल्या राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत झाली. ज्युलिएत जेमतेम सोळा वर्षांची. वय लहान म्हणून तिला पॅरिसजवळच्या फ्रेनच्या तुरुंगात काही आठवडे ठेवलं आणि मग सोडून दिलं.

सोडलं म्हणजे काय, तर रस्त्यावर! पैसे नाहीत, घर नाही, माणूस नाही. थंडीचे दिवस आणि अंगावर अटकेच्या वेळचाच पातळ झगा. त्या सगळ्या शहरात तिला एकच पत्ता आठवला. शाळेत तिला फ्रेंच शिकवणाऱ्या एलेन द्युक नावाच्या बाईंचा. या बाई आईच्याही मैत्रीण, आणि तेव्हा नाटकात कामं करत पॅरिसमध्ये राहत होत्या. पोरगी चालत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

बाईंनी दार उघडलं आणि तिला घरात घेतलं. आज वाचताना हे सोपं वाटतं, नाही का? पण ती तुरुंगातून सुटलेली मुलगी होती. तिची आई जर्मनांच्या कैदेत होती. अशा मुलीला घरात घेणं म्हणजे स्वतःच्या जिवाला घोर लावून घेणं. याच बाईंनी त्या काळात ज्यू लोकांनाही लपवलं होतं, आणि त्याबद्दल पुढे इस्रायलनं त्यांचा सन्मान केला.

कपड्यांचं म्हणाल, तर घालायला काहीच नव्हतं म्हणून ओळखीच्या मुलांच्या जुन्या पँटी, कोट, स्वेटर हेच ती वापरू लागली. बाह्या मोठ्या पडायच्या, त्या दुमडायच्या. गरिबीतून आलेला हा वेष. युद्ध संपल्यावर पॅरिसच्या सँ-जर्मँ-दे-प्रे भागात लेखक, चित्रकार, वादक यांचे अड्डे जमू लागले, तिथे ही लांब केसांची, काळ्या कपड्यातली मुलगी दिसू लागली. फोटो छापून आले आणि पोरींनी चक्क तिचं अनुकरण सुरू केलं. नाइलाजाची फॅशन झाली ती अशी!

1945 मध्ये छळछावण्यांतून लोक परत येऊ लागले. पॅरिसच्या ल्युतेसिया हॉटेलात त्यांना आणत. तिथेच एके दिवशी तिला आई आणि बहीण जिवंत भेटल्या. पण सिनेमातल्यासारखं पुढे सगळं गोड झालं नाही. आई नौदलात नोकरी धरून दूर इंडोचायनाला निघून गेली. काही गाठी सुटत नाहीत, हे आपल्यालाही ठाऊक आहेच.

गाणं तिच्या आयुष्यात आलं 1949 साली, बाविसाव्या वर्षी. थोर विचारवंत सार्त्र यांनी तिला गा म्हणून गळ घातली आणि कविता निवडून दिल्या. रेमाँ क्नो यांच्या कवितेला जोझेफ कोस्मा यांनी चाल लावली आणि ज्युलिएत गायिका झाली. जन्मभर तिनं कवींचे शब्दच गायले. 1954 मध्ये पॅरिसच्या प्रसिद्ध ऑलिंपिया सभागृहात ती गायली. झाँ कोक्तो यांच्या ‘ऑर्फे’ चित्रपटात दिसली, हॉलिवूडचे चित्रपट केले. 1965 च्या ‘बेल्फेगोर’ या टीव्ही मालिकेनं तर ती फ्रान्समध्ये घराघरात पोचली. 1981 मध्ये चिलीत, हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत, तिनं मुद्दाम त्या राजवटीला न रुचणारी गाणी गायली. सभागृहातून टाळी नाही, नुसती शांतता!

तीन लग्नं, एक मुलगी, मोठं नाव. 2015 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तिनं निरोपाचा दौरा काढला आणि त्याला नाव दिलं ‘मेर्सी’, म्हणजे ‘आभार’. 2016 नं मात्र तिला पक्षाघात दिला आणि त्याच वर्षी एकुलती मुलगी नेली. 23 सप्टेंबर 2020 रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी, ती गेली.

लोक म्हणतात, कशी स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली! खरंच आहे ते. पण मला राहून राहून त्या दार उघडणाऱ्या बाई आठवतात. त्याला एक कारण आहे, आणि ते सांगताना मला आजही लाज वाटते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महिला मंडळाच्या शिवणवर्गाला येणारी एक मुलगी रात्री नऊ वाजता माझ्या दारात आली. घरच्यांनी परस्पर लग्न ठरवलं होतं, मारलंही होतं. मी समाजसेविका म्हणवणारी बाई! पण घरात सासूबाई, पाहुणे, उद्या तिचे वडील आले तर, शेजारी काय म्हणतील... मी तिला पाणी दिलं, समजूत घातली आणि म्हटलं, ‘‘आज घरी जा, सकाळी आपण बघू.’’ ती सकाळी आली नाही. नंतर कधीच आली नाही. महिन्याभरानं कळलं, लग्न करून तिला लांब कुठेतरी दिलं.

आता मी माझ्यापुरतं ठरवलंय, ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. आणि सगळं एकटीनं निभवायचंही नाही. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 1098 आणि महिलांसाठी 181 हे फोन नंबर रात्रीही चालतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्र असतं, तिथे अडचणीतल्या बाईला काही दिवस राहता येतं, पोलिसांची आणि वकिलाची मदत मिळते. हे नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मी लिहिलेत.

आणि कुणी दारात आलीच, तर आधी आत घ्या. चहा टाका. फोन त्यानंतर करा. ती पुढे गायिका होईल की नाही, हा आपला प्रश्नच नाही. त्या रात्री ती रस्त्यावर नसली म्हणजे झालं.