आरशात आपलीच गाडी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शाळा सुटल्यावर सोलापुरात होटगी रोडने घरी निघालो होतो. पुढे डावीकडच्या गल्लीत वळायचे होते. इंडिकेटर दिला, डाव्या आरशात पाहिले, रस्ता मोकळा दिसला. स्टिअरिंग वळवले आणि डाव्या बाजूला धाडकन काहीतरी आदळले. उतरून पाहतो तर मोटारसायकल आडवी आणि तिच्या बाजूला खांदा धरून बसलेला एक पोरगा. हेल्मेट काढल्यावर ओळख पटली. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होता. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, "सर, गलती मेरीच है. हॉर्न नै मारा मैं."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही. वळलो मी, धडक बसली ती माझ्या वळण्याने, कॉलरबोन मोडले त्याचे, आणि माफीही तोच मागत होता. तो कुरिअरच्या डिलिव्हरीचे काम करतो. सहा आठवडे हात गळ्यात बांधलेला होता आणि तेवढे दिवस घरात पगार नव्हता. दवाखान्याचा खर्च मी केला. बाकीचे जे जमले तेही केले, पण ते सांगण्यासाठी हे लिहीत नाही.

जो भेटला त्याने मला निर्दोष ठरवले. शेजारी म्हणाले, ही दुचाकीवाली पोरे कुठूनही घुसतात. गॅरेजवाल्याने दार ठोकून सरळ करता करता सांगितले की मागून येणाऱ्यानेच बघायचे असते. माझ्या भावाने तर कायदा काढला, ओव्हरटेक उजवीकडून करायचा असतो, तो डावीकडून आलाच कसा? मुद्दा खोटा नाही. पण माझ्यासमोर एक साधा प्रश्न होता. मी आरशात पाहिले होते. खरोखर पाहिले होते, उगाच मान हलवली नव्हती. मग एवढी मोठी मोटारसायकल, तिच्यावर बसलेला जवान पोरगा, गेला कुठे?

रविवारी सकाळी गाडी घरासमोर उभी केली, ड्रायव्हरच्या जागी बसलो आणि मुलीला सांगितले, डाव्या बाजूला मागच्या दारापासून दोन हात लांब उभी राहा. आरशात पाहिले. मुलगी नाही. मधल्या आरशात पाहिले. तिथेही नाही. समोर बघत डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले, तरी नाही. "अब्बू, मी इथेच आहे," असा आवाज मात्र येत होता. मान मागे वळवली तेव्हा ती दिसली. माझ्या अंगावर काटा आला.

मग आरशात नेमके दिसते तरी काय, ते नीट पाहिले. डाव्या आरशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा माझ्याच गाडीने भरलेला होता. माझेच मागचे दार, माझाच हँडल, माझाच पत्रा. उजव्या आरशातही तेच. उरलेल्या भागात मागचा रस्ता, आणि तोच रस्ता मधल्या आरशातही दिसत होता. म्हणजे तीन आरसे, तिघांत एकच चित्र, आणि जिथून पोरगा आला ती जागा एकाही आरशात नाही. गाडी शिकलो तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी सांगितले होते, "आरशात आपल्या गाडीची बाजू दिसली पाहिजे, म्हणजे अंदाज येतो." मी वीस वर्षे तो अंदाज घेत होतो. लायसनच्या चाचणीत गाडी पुढे घ्यायला लावली, थोडी मागे घ्यायला लावली, आरसा कसा लावलाय हे कोणी विचारले नाही. माझ्या ओळखीत कोणालाच विचारलेले नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाणे ही खोड आहे. मराठीतला आरसा संस्कृत 'आदर्श'मधून आला. आमच्याकडे निकाहनंतर आरसी मुस्हफची रस्म असते, त्यात वधूवर एकमेकांचा चेहरा पहिल्यांदा आरशात बघतात. दुसऱ्याला बघण्यासाठीही आरसा असतो हे आपल्या रीतीरिवाजाला ठाऊक आहे. गाडीत बसल्यावर मात्र आपण ते विसरतो.

गाडीच्या आरशाची गोष्टही मजेची आहे. इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट या बाईंनी १९०९ साली स्त्रियांसाठी मोटार चालवण्यावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सल्ला दिला की सोबत छोटा हातआरसा ठेवावा आणि मागचे बघायला तो मध्येमध्ये वर धरावा. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, इंडियानापोलिसच्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरून नावाचा चालक एकटाच गाडीत बसला. इतरांसोबत एकेक मेकॅनिक होता, जो मागचे बघून सांगायचा. हॅरूनने माणसाऐवजी आरसा लावला आणि शर्यत जिंकली. म्हणजे आरसा आला तोच मागे बघणाऱ्या माणसाच्या जागी.

आता मुद्द्याचे. १९९५ मध्ये जॉर्ज प्लॅत्झर या अमेरिकी इंजिनिअरने ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या संस्थेसाठी एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: न दिसणारी ही जागा बरीचशी आरशाच्या दोषामुळे नाही, आपण तो लावतो त्या पद्धतीमुळे आहे. बाहेरचे आरसे आणखी बाहेर वळवा. त्याने पद्धत दिली ती तिकडच्या, डाव्या बाजूला बसणाऱ्या ड्रायव्हरसाठी. आपण उजवीकडे बसतो, म्हणून ती उलटी करून सांगतो.

आधी मधला आरसा असा लावा की मागची पूर्ण काच त्यात बसेल. मग डोके उजवीकडे झुकवून जवळजवळ खिडकीच्या काचेला टेकवा. तसेच राहून उजवा आरसा बाहेर वळवत न्या, आपल्या गाडीची कड नुसती पुसटशी दिसेल इतका. आता डोके दुसऱ्या बाजूला, दोन्ही सीटच्या बरोबर मध्यावर न्या आणि डावा आरसा तसाच बाहेर वळवा, डावी कड जेमतेम दिसेल इथपर्यंत. सरळ बसा. आता दोन्ही आरशांत आपली गाडी अजिबात दिसणार नाही. नेमके हेच हवे आहे. पैसा खर्च नाही, गॅरेजला जायचे नाही, दोन मिनिटांचे काम.

बरोबर लागले की नाही हे कसे कळणार? मोठ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या गाडीवर लक्ष ठेवा. आधी ती मधल्या आरशात असेल. तिथून निसटायच्या आत बाजूच्या आरशात आली पाहिजे, आणि बाजूच्या आरशातून जाण्याआधी तुमच्या डोळ्याच्या कोपऱ्यात. मध्ये कुठे गायब झाली तर आरसा अजून थोडा हलवा. पण किंचितच. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी लक्षात आणून दिले की आरसा एक अंश फिरवला की दिसणारी दिशा दोन अंशांनी सरकते.

मी हा प्रयोग शाळेच्या मैदानावर केला. आठवीची दहा पोरे गाडीच्या डाव्या बाजूला मागच्या बंपरपासून पुढच्या दारापर्यंत अर्धगोलात उभी केली. जुन्या पद्धतीने आरसा लावल्यावर तीन पोरे कुठेच दिसत नव्हती. नव्या पद्धतीने एकच दिसला नाही, आणि त्याचाही हात दिसत होता. मग प्रत्येकाला ड्रायव्हरच्या जागी बसवून दाखवले. ही पोरे दोन वर्षांनी दुचाकी हाकतील, त्यातली काही आजही हाकतात. मोटारीच्या बाजूला कुठे राहू नये हे त्यांना आतून बघून कळले, मी फळ्यावर कितीही लिहिले असते तरी कळले नसते.

एक गोष्ट तेव्हाच उमगली. जो जोरात निघून जातो तो या आंधळ्या पट्ट्यात सेकंद-दीड सेकंदच असतो. धोका त्याचा, जो आपल्याच वेगाने शेजारून चालला आहे. तो तिथे मिनिटभरही राहू शकतो. माझा विद्यार्थी घुसला नव्हता, उडवत आला नव्हता. तो शिस्तीत, माझ्याच वेगाने, माझ्या बाजूने येत होता.

या पद्धतीवर लोकांचे आक्षेप आहेत, आणि काही रास्त आहेत. पहिला म्हणजे मोहल्ल्यातल्या गल्लीत गाडी मागे घेताना गटार आणि ओटा दिसायला आपल्या गाडीची बाजू दिसावी लागते. खरे आहे. तेव्हा डोके झुकवा, बाजू दिसते. सुरुवातीचे आठ-दहा दिवस फार चमत्कारिक वाटते, आपली गाडी कुठे संपते तेच कळत नाही. बायको म्हणाली, आरसा बिघडला काय? मलाही दोनदा मोह झाला होता पुन्हा जुने करायचा.

दुसरा आक्षेप असा की हे अमेरिकेचे शहाणपण, तिथे लेन असतात. मला वाटते आपल्याकडे याची गरज उलट जास्त आहे. त्या आंधळ्या जागेत मोटार असली तर तिचे एखादे टोक तरी आरशात डोकावते. मोटारसायकल मात्र अख्खी मावते. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो, त्यात जवळपास ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यातली किती आरशात न दिसल्यामुळे गेली हे त्या आकड्यात नाही. पण मोटार चालवणाऱ्याने कोणाला शोधायचे आहे, हे त्यावरून कळते.

तिसरा आक्षेप म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचेच वाक्य. हॉर्न आहे ना! आपण डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त गाडी चालवतो. मागचा वाजवेल, मग मी त्याला जागा देईन. वाजवले नाही म्हणजे तो नाहीच. ट्रकच्या पाठीवर तेच लिहिलेले असायचे, 'हॉर्न ओके प्लीज'. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली, पण रंग खरवडला तरी सवय कुठे जाते? यात गंमत अशी की हजर असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी नेहमी छोट्या वाहनावर टाकलेली असते. आता बॅटरीवरच्या स्कूटर आल्या आहेत. त्यांचा इंजिनचा आवाजसुद्धा नाही. कानाने चालवणाऱ्यांचे काय होणार ते बघायला नको.

बाहेरच्या आरशांची काच बहुतेक फुगीर असते, म्हणून जास्त दिसते पण सगळे लहान आणि लांब भासते. त्यामुळे दिसला तो दिसतो त्याहून जवळ आहे हे धरून चाला. आणि आरसे कितीही नीट लावले तरी वळण्याआधी मान फिरवून एक नजर टाकावीच. आमच्या गल्लीतले रिक्षावाले चाचा ते न शिकता करतात.

मधल्या आरशाबद्दल थोडे बोलतो, रागावू नका. त्याला आमच्याकडे तसबीह किंवा आयतुल कुर्सीची छोटी तख्ती लटकते, शेजाऱ्यांकडे गणपती, कोणाकडे क्रॉस, आणि पुढे लिंबू-मिरची सगळ्यांचीच. मागच्या काचेला जाळीचे पडदे, मागच्या फळीवर उशा आणि ईदीत आलेली खेळणी. माझा गुन्हा वेगळाच होता. तो आरसा मी मागच्या सीटवर भांडणाऱ्या पोरांवर लावलेला असायचा. मास्तरची सवय, पाठ फिरवूनही वर्गावर नजर ठेवायची. पूर्वी तर स्वस्त मॉडेलला कंपनी डावा आरसा द्यायचीच नाही, तो आपण बाजारातून आणून बसवायचा. डावी बाजू बघायची असते हे आपल्याला कोणी शिकवलेच नाही, असे म्हटले तर फार चुकणार नाही. तरी वीस वर्षे न शिकण्याचा दोष माझाच.

फेब्रुवारीत तो पोरगा पुन्हा कामावर गेला. त्याच्या मोटारसायकलला आरसे नव्हते, धडकेत तुटले म्हणून नव्हे, "स्टाईल बिगडती सर" म्हणून त्यानेच काढून ठेवले होते. मी जोडी विकत आणून दिली. परवा जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर गाडी दिसली. आरसे बसवले आहेत. दोन्ही त्याच्या चेहऱ्याकडे वळवलेले, केस बघायला. तो अजून आतून आलेला नव्हता. मी सीटवर बसलो आणि आरसे बाहेर फिरवू लागलो.